बादलीवरचा नवरीचा उजेड

“मॅडम, हे पाणी नाही, हळदीचं दूध आहे.”

उपअभियंता साहेबांनी माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला होता. स्क्रीनवर यमुनामावशींची बादली थांबवून ठेवलेली. रंगाच्या रिकाम्या डब्याची केलेली पांढरी बादली, उन्हात आतलं बाहेरून दिसेल इतकी पातळ, आणि तिच्यातलं पाणी पिवळंधमक. मावशी स्वतः माझ्या शेजारी, खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. पाड्यावरून हरसूलपर्यंत जीप, तिथून एसटी, असं करत सकाळीच निघून आल्या होत्या.

मी पेटले. “साहेब, तुमच्या टेबलावर कूलरचं पाणी आहे. तुम्हाला हे हळदीचं दूधच वाटणार.”

“रागावू नका. विहीर चांगली आहे असं मी म्हणत नाही. हे ऐका.” त्यांनी व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा लावला. स्क्रीनवरच्या मावशी बोलू लागल्या, “रातभर बादली ठेवतो. सकाळी खाली लाल बसतं. वरचं आमी पितो, खालचं फेकतो.” साहेबांनी तिथेच थांबवलं आणि पेनाचं टोक स्क्रीनवर टेकवलं. “बाई म्हणतात खाली लाल बसतं. चित्रात वरपासून खालपर्यंत पिवळं. लाल कुठंय? दोघांतलं एक खोटं आहे. ठेकेदाराने नेमकं हेच लिहून दिलंय, की व्हिडिओत रंग भरलाय आणि बाईंना शिकवून बोलवलंय.”

खोटं हा शब्द ऐकून मावशींनी पदर सावरला.

“मी रंगाला हातसुद्धा लावलेला नाही,” मी म्हणाले. तेव्हा ते मला शंभर टक्के खरं वाटत होतं.

“मग सोपं आहे. मूळ चित्रीकरण आणा. त्याच्यावर काय काय चढवलं ते दाखवा आणि ते उतरवून दाखवा. सोमवारी मला फाइल वर पाठवायची आहे. एकतर स्थळपाहणी, नाहीतर तक्रार निकाली.”

निकाली म्हणजे बंद. मेलेल्या तक्रारीला सरकारी भाषेत असं म्हणतात.

आधीचं थोडं सांगते. पाड्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना अजून तिथेच राहायचं आहे. हरसूलच्या बाजूला डोंगरात आहे एवढं पुरे. पाड्याच्या वरच्या अंगाला रस्ता रुंद करायला ठेकेदाराने टेकडी कापली आणि निघालेल्या लाल मुरमाचे ढीग तिथेच उतारावर टाकून दिले. पाऊस आला की ढीग धुपतो आणि पाणी सरळ खालच्या विहिरीत. पाड्याला प्यायला ही एकच विहीर. अर्ज दिले, पोच घेतली, पुढे काही नाही. मग आमच्या संघटनेने ठरवलं की व्हिडिओ करायचा, सगळीकडे टाकायचा आणि तक्रारीलाही जोडायचा.

पण कॅमेऱ्यापुढे बोलायला कोणी तयार होईना. पाड्यातली निम्मी पोरं त्याच ठेकेदाराच्या कामावर रोजाने जातात, कोण बोलणार? एकट्या यमुनामावशी बादली घेऊन पुढे आल्या. त्यांचा धाकटा मुलगासुद्धा त्याच कामावर होता, तरी आल्या. तक्रार खोटी ठरली तर संघटनेचं काय जाणार होतं? आम्ही दुसरा मोर्चा काढला असता. खोटी ठरणार होती ती मावशी, आणि तिला रोज त्याच वाटेवरून पाणी भरायला जायचं होतं.

कार्यालयाबाहेर चहाच्या टपरीपाशी त्यांनी मला विचारलं, “ताई, मी काय खोटं बोलले का?”

“नाही हो मावशी.”

“मंग तो साहेब असा का म्हनला?” लगेच त्याच पुढे म्हणाल्या, “पाड्यावर समदी मला म्हनत व्हती, यमुने, तोंड उघडू नको. आता त्यायला काय सांगू?”

“सोमवारी परत या. तोवर काही सांगू नका.”

“येते,” त्या म्हणाल्या. पण ज्या तऱ्हेने म्हणाल्या त्यावरून त्या येतील असं मला वाटलं नाही.

मी व्यवसायाने व्हिडिओ एडिटर आहे. देवळाली कॅम्पात एका स्टुडिओत काम करते. लग्नं, बारशी, फौजी लोकांचे निरोप समारंभ. संघटनेचं काम त्याच्या पलीकडचं. संघटनेत मला सगळ्यात आधी पत्रक लिहायला शिकवलं. पहिल्या ओळीत कोणाचं काय गेलं, दुसऱ्या ओळीत कोणामुळे गेलं, तिसऱ्या ओळीत आम्ही काय करणार. चौथी ओळ लागली तर तुम्हाला मुद्दा कळलेला नाही. त्या दिवशी कॅम्पात उतरेपर्यंत माझ्या तिन्ही ओळी तयार होत्या.

“आंटी, पत्रक काढतेय. मथळा ऐका. ‘अधिकाऱ्यांना तहान दिसत नाही!’”

मोहिनी आंटी म्हणजे स्टुडिओच्या मालकीण. सिंधी आहेत, जन्म कॅम्पातलाच, त्यामुळे मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “मथळा अच्छा है. आधी पाणी पी. मग सांग, साहेबाने मागितलं काय?”

“मूळ फुटेज. आणि त्यावर काय बदललं ते.”

“बस? ये तो हर कस्टमर मागतो. त्यात शिव्या देण्यासारखं काय आहे? दाखव ना.”

“दाखवायला काही नाहीच आहे! मी रंग केलेलाच नाही.”

“तो फिर दो मिनट का काम है. उघड.”

मी प्रोजेक्ट उघडला. आणि सवयीने बोटं कंट्रोल झेडवर गेली. संगणकावर काहीही चुकलं की मागे जायची ही कळ सगळ्यांना माहीत असते. पण इथे तिचा काही उपयोग झाला नाही. त्याचं कारण असं की सॉफ्टवेअर तुमच्या प्रत्येक कृतीची हिस्ट्री ठेवतं खरं, पण प्रोजेक्ट उघडा असेपर्यंतच. बंद केलात की पाटी पुसली. दुसऱ्या दिवशी उघडाल तर काल काय काय केलं हे त्याला आठवत नाही. म्हणून आमच्या धंद्यात मागे जायचं म्हणजे आलेल्या पावलांनी परत जाणं नव्हे. चित्रावर जे जे चढलंय ते शोधून एकेक उतरवायचं. केळवणाहून आलेल्या बाईचे दागिने उतरवावेत तसं, कुठला कुठे अडकवलाय ते बघत.

पहिली जागा म्हणजे खुद्द क्लिप. बादलीच्या क्लिपवर क्लिक केलं की तिच्यावर लावलेले सगळे इफेक्ट शेजारच्या चौकटीत दिसतात. चौकट कोरी होती.

“बघा! कोरी आहे! म्हटलं नव्हतं?” माझा आवाज इतका चढला की बाहेर पासपोर्ट फोटोसाठी बसलेले एक सुभेदार आत डोकावले.

“साहब, आपका फोटो बन रहा है,” आंटींनी त्यांना बसवलं आणि माझ्याकडे वळल्या. “बेटा, टाइमलाइन वर सरकव. और वर. अजून.”

टाइमलाइन म्हणजे आडव्या पट्ट्यांची चळत. खालच्या पट्टीवर चित्र, त्याच्यावर अक्षरं, खाली आवाज. मी रोज खालच्या चार पट्ट्यांमध्ये काम करते. वरच्या पट्ट्या बारीक करून स्क्रीनबाहेर ढकललेल्या असतात. मी वर सरकत गेले आणि एकदम एक लांबलचक जांभळी पट्टी दिसली. व्हिडिओच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत. शेजारी कुलपाचं चिन्ह. नाव होतं, ‘हळद फायनल’.

आंटी हसल्या नाहीत, एवढे मात्र त्यांचे उपकार.

अशा पट्टीला अॅडजस्टमेंट लेयर म्हणतात. तिच्यात चित्र नसतं, नुसते रंगाचे हुकूम असतात. गॉगल समजा. गॉगल घातला की झाडं, माणसं, गाई सगळं त्याच रंगाचं दिसतं, पण झाडाला काही झालेलं नसतं. ही पट्टी खालच्या सगळ्या चित्रांना गॉगल घालते. म्हणूनच क्लिपची चौकट कोरी होती आणि पाणी तरी पिवळं होतं.

ती तिथे आली कशी? लग्नाच्या स्टुडिओत कोणी कोऱ्या प्रोजेक्टपासून सुरुवात करत नाही. स्टुडिओचं नाव, अक्षरांचे फॉन्ट, आवाजाची पातळी, सगळं पुन्हा कोण लावत बसणार? मागच्या लग्नाची कॉपी करायची, त्यातली नवरा-नवरी काढायची आणि नवी घालायची. नाशकातला कुठलाही स्टुडिओ असाच चालतो. मी पाड्याचा व्हिडिओही तसाच केला होता. लग्न काढलं, विहीर घातली. गॉगल मात्र वरच राहिला.

आणि तो गॉगल साधा नव्हता. हळदीचा कार्यक्रम हिरव्या-निळ्या मांडवात, पांढऱ्याफटक एलईडीखाली होतो. त्या उजेडात हळद शेवाळासारखी दिसते आणि नवरीकडचे येऊन भांडतात. म्हणून आंटींनी बसून हा खास लूक तयार केला आहे. पिवळा चढवायचा, सावल्या उजळायच्या आणि लाल रंग उचलून पिवळ्याकडे सरकवायचा, म्हणजे कातडी सोन्यासारखी दिसते. कॅम्पात त्याचं नाव आहे. आमच्या व्हिडिओत त्याने काय केलं ते आता तुम्हीच सांगाल. लाल मुरूम उचलून हळदीत नेऊन ठेवला.

कुलूप काढलं. पट्टीच्या टोकाला डोळ्याचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की पट्टी बंद. केलं. पिवळं गेलं. टेकडी लाल झाली, मावशींचं लुगडं हिरवं झालं, आणि बादलीतलं पाणी गढूळ चहासारखं. कमी भडक, पण खरं वाटणारं. साहेबांवरचा माझा मथळा मी मनातल्या मनात खोडला. सोपं नव्हतं. चांगला मथळा होता.

“झालं,” मी म्हणाले.

“कशावरून?”

“आंटी, दिसतंय ना. पिवळं गेलं.”

“तुला दिसतं. साहेब पण म्हणेल, मला दिसत नाही. फिर?” त्यांनी टेबलावर बोट आपटलं. “ओरिजिनल लाव शेजारी.”

आता माझी खरी पंचाईत. ओरिजिनल माझ्या मोबाइलमध्ये होतं आणि मोबाइल भरला म्हणून मी ते कधीच उडवलं होतं. मी आंटींना तसं सांगून टाकलं. त्या उठल्या, मागच्या कपाटातून एक हार्ड डिस्क काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

“तू पाड्यावरून आली त्या दिवशी मी कॉपी करून घेतलं. तू चिडली होतीस. म्हणालीस, आंटी, ये शादी थोडी है.”

म्हणाले होते. या बाईंचा एक नियम आहे. स्टुडिओत आलेली कुठलीही क्लिप कापायच्या आधी जशीच्या तशी वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि त्या डिस्कला परत हात लावायचा नाही. हा नियम कॅम्पानेच त्यांना शिकवला. फौजी माणसाची बदली होते. सामान ट्रंकांमध्ये भरून कधी जोधपूर, कधी आसाम. दोन बदल्यांत लग्नाच्या डिस्कला बुरशी येते, पेनड्राइव्ह हरवतो, आणि काही वर्षांनी तो माणूस परत देवळालीत पोस्टिंगवर आला की बायकोला घेऊन आंटींच्या दारात उभा. “आंटीजी, हमारी शादी का कुछ बचा है क्या?” आंटींकडे असतं. वडील वारलेला मुलगा वडिलांचा नाचतानाचा तुकडा मागायला येतो. तोही असतो. मी याला कपाट अडवणं म्हणायचे. त्या दिवशी त्या कपाटाने मावशींची अब्रू सांभाळून ठेवली होती.

आता तपासणी. शेजारी शेजारी ठेवून डोळ्यांनी बघणं हा कच्चा मार्ग, कारण डोळा लगेच सवय करून घेतो. पक्का मार्ग असा की मूळ क्लिप आपल्या क्लिपवर तंतोतंत बसवायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, दोघांमधला फक्त फरक दाखव. जिथे दोन्ही चित्रं अगदी सारखी, तिथे वजाबाकी शून्य. शून्य म्हणजे काळं. सगळा पडदा काळा झाला की समजायचं, आपण काही बदललेलं नाही.

बसवलं. पडदा काळा झाला. मी टाळी वाजवणार तेवढ्यात आंटी म्हणाल्या, “रुक.”

काळ्यात काहीतरी हलत होतं. मधोमध एक अंधूक राखाडी गोल. गोल नव्हे, लांबट, अंड्यासारखा. तो डावीकडे वळला. थांबला. मग उजवीकडे. मग हळूच खाली झुकला आणि पुन्हा वर आला. चित्रात त्या वेळी तिथे नुसती बादली होती. बादली काही मान हलवत नाही.

मी खुर्ची मागे ओढली, खोटं का सांगू. आंटी मात्र स्क्रीनजवळ सरकल्या, बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, “अरे, ये तो वही है! भगूरवाली!”

“कोण?”

“वो हवालदार की बेटी. हळद लावायला मावशी इकडे, काकू तिकडे, सारखी मान फिरवत होती. मैं ट्रॅकिंग कर कर के थक गयी थी.”

ट्रॅकिंग म्हणजे असं. नवरीचा चेहरा उजळ करायचा असतो, पण आसपासचं नाही. मग चेहऱ्याभोवती एक गोल काढायचा, त्या गोलात उजेड वाढवायचा आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की हा चेहरा जिकडे जाईल तिकडे गोल ने. सॉफ्टवेअर एकेक चित्र बघत गोल चालवतं. नवरी काढून टाकली तरी गोल आपला ठरलेल्या वाटेने चालत राहतो. भगूरच्या त्या मुलीचा चेहरा जिथे होता, बरोबर तिथे आमच्या व्हिडिओत मावशींची बादली आली होती. बादलीचा खालचा भाग, जिथे मुरूम बसला होता, तोच या गोलाने धुऊन पांढुरका करून टाकला होता. वर हळदीचा गॉगल. त्यात लाल दिसणार कुठून? साहेबांना काय, देवालाही दिसलं नसतं.

जांभळ्या पट्टीच्याही वर, अगदी शेवटच्या पट्टीवर, नखाएवढा तो लेयर सापडला. डोळा बंद केला. वजाबाकी पुन्हा लावली.

काळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं. फक्त खाली आम्ही लिहिलेली अक्षरं तेवढी चमकत होती, आणि ती आमचीच होती, त्यांचं उत्तर आम्ही देऊ शकत होतो. मी व्हिडिओ एडिटर आहे. रंगीत चित्रं विकून पोट भरते. पण त्या काळ्या पडद्याएवढं देखणं चित्र मी अजून पाहिलेलं नाही.

मग वजाबाकी काढून मूळ बादली बघितली. वर गढूळ पाणी. खाली, बादलीच्या पांढऱ्या बुडापाशी, लालभडक थर. दोघांमधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. मावशींनी एक अक्षर वाढवून सांगितलं नव्हतं, एक अक्षर कमी केलं नव्हतं.

“आता पत्रक काढ,” आंटी म्हणाल्या.

“आता नको,” मी म्हणाले.

सोमवारी मावशी आल्या. शेजारणीच्या मोबाइलवर मी फोन केला होता, पण त्यासाठी आल्या असं मला वाटत नाही. बाई गप्प बसून खोटी ठरणाऱ्यातली नव्हती. येताना बादलीही घेऊन आल्या, रिकामी. एसटीत कंडक्टरने विचारलं म्हणे, “मावशी, रंगकामाला निघाली का?”

मी साहेबांना सगळं सांगितलं. लग्नाची कॉपी, हळदीचा लूक, भगूरच्या नवरीचा गोल, सगळं. संघटनेतल्या एका ज्येष्ठांचा सल्ला होता की नुसती मूळ क्लिप दाखव, स्टुडिओतली भानगड कशाला उघडी करतेस. मी म्हटलं, त्यांनी काय चढवलं ते विचारलंय, तर चढवलेलं दाखवणार. डोळा चालू, पाणी पिवळं. डोळा बंद, बुडाशी लाल. चार वेळा करून दाखवलं. साहेबांनी पाचव्यांदा स्वतः माउस घेऊन केलं.

“आणि मोबाइलनेच रंग बदलला नसेल कशावरून?” त्यांनी विचारलं. “माझा मोबाइल तर संध्याकाळचं आभाळ जांभळं करतो.”

प्रश्न बरोबर होता. मोबाइल स्वतःच्या अकलेने रंग ठरवतो. त्याच्या त्या चुकीचा पत्ता लागतो तो चित्रातल्या पांढऱ्या वस्तूवरून. पांढरं पांढरं दिसत असेल तर बाकीचे रंग साधारण जागेवर आहेत असं धरतात. पांढरं पिवळट दिसत असेल तर सगळंच पिवळ्याकडे गेलंय.

मी मावशींची बादली उचलून त्यांच्या टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी ठेवली. “ही घ्या पांढरी वस्तू. चित्रातली हीच.”

त्यांनी बादलीकडे बघितलं, चित्रातल्या बादलीच्या काठाकडे बघितलं. पांढरी होती. मग पुढची क्लिप लावायला सांगितली, टेकडीच्या कापलेल्या अंगाची. तो लाल आणि बादलीच्या बुडातला लाल त्यांनी मागेपुढे करून बराच वेळ पाहिला.

मावशी इतका वेळ वाकून स्क्रीन बघत होत्या. त्या म्हणाल्या, “हां. आता माझं पानी दिसलं.”

“मावशी, मग आधी का नाही सांगितलंत?” मी न राहवून विचारलं. “त्या दिवशी पिवळं दिसत होतं तेव्हाच सांगायचं ना, हे माझं पाणी नाही म्हणून.”

“मला काय ठावं? लग्नाच्या शूटिंगात आमी समदी गोरी दिसतो. मला वाटलं, पान्याचंबी तसंच करत असतील.”

साहेब इतके हसले की बाहेरून शिपाई आला. मग चष्मा पुसत म्हणाले, “मावशी, मी तुम्हाला खोटं म्हणालो नव्हतो हां. दोघांतलं एक म्हणालो होतो.”

“मी पन तेच सांगत व्हते, दुसरं बघा म्हनून,” मावशी म्हणाल्या. सांगितलं वगैरे काही नव्हतं. पण तेव्हा त्यांना कोण अडवणार?

“रंग जुळला म्हणजे पुरावा होत नाही,” साहेब माझ्याकडे वळले, “पण जाऊन बघायला कारण झालं.” आणि त्यांनी आमच्यासमोर फाइलवर लिहिलं, स्थळपाहणी करावी.

त्याच आठवड्यात ते स्वतः पाड्यावर आले. बुटांना मुरूम लागेपर्यंत चढले. ढिगापासून विहिरीपर्यंत पाण्याने पाडलेली घळ त्यांनी चालत चालत खाली येऊन पाहिली. त्यासाठी व्हिडिओ लागत नव्हता, पायच लागत होते. पुढे ठेकेदाराला ढीग हलवावा लागला, विहिरीच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर खणावा लागला, आणि विहिरीतला गाळ निघेपर्यंत पाड्यावर टँकर येत राहिला. हे सगळं सुखासुखी झालं असं नाही. चरासाठी अजून दोन खेपा माराव्या लागल्या आणि एकदा माझा आवाजही चढला. मावशींच्या मुलाला कामावरून काढलं नाही. निदान ते कारण सांगून तरी काढलं नाही. चर खणायला तोच होता.

व्हिडिओ आम्ही मूळ रंगात पुन्हा टाकला, वर एक ओळ लिहून की आधीच्या व्हिडिओत रंगाची चूक होती आणि ती कशी झाली. पिवळा जितका पसरला होता त्याच्या पावपटही हा पसरला नाही. गढूळ चहा कोण शेअर करतं? पण त्यावर कोणी बोट ठेवू शकलं नाही.

साहेबांवरचं पत्रक राहिलंच. आजवर मी अधिकाऱ्यांविरुद्ध बरंच लिहिलं आहे आणि पुढेही लिहिणार आहे, विषय संपलेले नाहीत. पण हा माणूस मला नुसतं “बरं” म्हणून फाइल बंद करू शकला असता. त्याने लाल कुठंय म्हणून विचारलं. न बघता हो म्हणणाऱ्या दहा मित्रांपेक्षा हा शंकेखोर माणूस आमच्या जास्त कामी आला, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. आंटींना सांगायला गेले तर म्हणाल्या, “थँक्यू नको. कपाट लावून दे.” लावून दिलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात एका डिस्कवर त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली आहे, ‘पाड्याची विहीर’. तिच्या एका बाजूला कोणा नायब सुभेदारांचं लग्न आहे आणि दुसऱ्या बाजूला भगूरची हळद.

नव्याने या धंद्यात आलेली पोरं विचारतात, तेव्हा एवढंच सांगते. नवरीचा चेहरा खुशाल उजळा, त्याचेच पैसे मिळतात. पण लग्न उरकलं की तो गोल काढून टाका. पुढे त्या जागी कोणाची बादली येईल, सांगता येत नाही.